आडवी, उतरती, उभी

“लुगडं वाळत घालायला एक दोरी मागितली, ती दोन वर्षं झाली मिळंना. आणि ह्यांच्या तारंला गच्चीचे चारी कोपरे पायजेत,” आत्या माझ्या कानाशी म्हणाल्या.

कानाशी म्हणजे अगदी कानाशी, कारण आम्ही दोघी एकाच बांबूला मिठी मारून उभ्या होतो. बांबूच्या शेंड्याला कप्पी, कप्पीतून दोरी, दोरीच्या टोकाला तार. आमच्याकडे पाठ करून, दोन हातांच्या अंतरावर मामा उकिडवे बसले होते आणि तारेला चिनी मातीचा गुटका बांधत होते. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या इचलकरंजीकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे, मग नात्याने ते कुणी असोत-नसोत.

आत्यांनी आवाज काही फारसा उतरवला नव्हता. “शेजारीण इचारालीया, लगीन ठरलंय का, मांडव कशाला घालालाईसा म्हणून. म्हटलं, आमच्या म्हाताऱ्याचंच ठरलंय.”

मला हसू फुटलं, बांबू हलला, दोरी हलली. तेव्हा मामा वळले. “हसताय काय दोघी? नीट धरा.”

ही गोष्ट तेवीस वर्षांपूर्वीच्या एका सोमवारची. सोमवार मुद्दाम निवडलेला. त्या काळी आमच्या पेठेत सोमवारी वीज बंद असायची, म्हणजे माग बंद. बाकीचे सहा दिवस धोट्यांची खटखट भिंतीतून, जमिनीतून, पिठाच्या परातीतून यायची, आणि मागांच्या मोटरी मामांच्या रेडिओत शिरून वेगळ्याच किंचाळायच्या. मामा हौशी रेडिओवाले होते. सरकारी परवाना, स्वतःची कॉल साइन, म्हणजे हवेतलं नाव, आणि गच्चीवरच्या खोलीत स्वतःच्या हाताने जोडलेला सेट. दररोज सकाळी आठ वाजता ते ‘नेट’ चालवायचे. नेट म्हणजे हवेतली पंगत. सातारा, बेळगाव, रत्नागिरी, कुरुंदवाड अशी ठिकठिकाणची माणसं क्रमाने यायची, एकमेकांचा आवाज कसा येतोय ते सांगायची, चार बातम्या द्यायची, आणि पुढच्याला जागा करून द्यायची. सतरा वर्षं मामा त्या पंगतीचे वाढपी होते. सहा दिवस आम्ही आधी गाव ऐकायचो आणि मग जग. सोमवारी मात्र ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सेट लावला की सगळं कसं धुतल्यासारखं. म्हणून अँटेना तपासायची तर सोमवारी, हा आमच्या घरातला कायदा होता.

पण एकदम तीन-तीन अँटेना बांधायची पाळी का आली, ते सांगते.

मागावर चाळीस वर्षं काढलेली माणसं तोंडाने बोलतात खरी, पण ऐकतात डोळ्यांनी. शेडमध्ये शेजारच्याने बोंब मारली तरी पोचत नाही, म्हणून ओठ बघायचे, बोटं बघायची. मामा-आत्या अंगणाच्या दोन टोकांना उभं राहून संध्याकाळची भाजी ठरवायचे, आवाज न काढता. निपाणीहून लग्न होऊन आले तेव्हा पहिले चार दिवस मला वाटलं, घरात सगळे माझ्यावर रुसलेत.

मी नेटवर कशी आले, तर लॉग लिहायला. लॉग म्हणजे कोण, किती वाजता, काय म्हणालं याची वही. दुसरा हेडफोन लावून मी मामांच्या शेजारी बसायची. लिहिताना ओठ हलवायची मला शाळेपासून खोड आहे, मास्तर त्यासाठी छडी मारायचे. कधीतरी माझ्या लक्षात आलं, की मामा सेटकडे बघत नाहीत, वहीकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात. सातारकर घोरपडे बोलून संपले, माझे ओठ थांबले, की मग मामा बटण दाबणार आणि उत्तर देणार. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची वळवली आणि त्यांच्या समोर बसले. त्यावर आमच्यात एक शब्दही झाला नाही. याला तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती.

मी खुर्ची वळवली त्याच सुमारास मामांनी जुनी आडवी तार उतरवली आणि पुस्तकात बघून उभी अँटेना केली. तेहतीस फूट उंच, ॲल्युमिनियमच्या नळ्या एकात एक घालून, पायाशी चारी दिशांना चार तारा पसरलेल्या. म्हणाले, “हल्ली बँडच कमजोर झालाय. हिच्यावर जोरात येईल.” बँड म्हणजे ज्या लहरींवर आमचं नेट चालायचं तो पट्टा. आमच्या पेठेत मंदिराचा कळस सोडला तर तेवढं उंच काही नव्हतं, आणि मामांचा तिच्यावर जीव होता. आत्या त्या पायातल्या तारांना अडखळून आठवड्यातून एकदा पडायच्या बेतात यायच्या आणि तिला सवत म्हणायच्या.

मग जानेवारीत मी चुलतबहिणीच्या लग्नाला निपाणीला गेले. दोन दिवस. त्यातला एक गुरुवार होता. परत आले त्या संध्याकाळी कुरुंदवाडहून उपाध्ये मास्तर लुना मारत आले. भूपाल उपाध्ये, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, मामांचे सर्वांत जुने नेटवाले. वर न जाता त्यांनी मला जिन्याखाली गाठलं.

“वहिनी, गुरुवारी तुम्ही नव्हता ना?” ते कुजबुजले.

“नव्हते. का हो?”

“रत्नागिरीच्या भाटकरांनी सांगितलं, आई परवा गेली. आणि आमचे गुरुपादराव, तुमचे मामा, काय म्हणाले असतील? ‘उत्तम, उत्तम! अभिनंदन! पाच-नऊ!’”

पाच-नऊ म्हणजे पाचपैकी पाच शब्द कळले आणि नऊपैकी नऊ जोराने आवाज आला. यापुढे मार्क नाहीत.

मी विचारलं, “मग भाटकर?”

“ते ‘धन्यवाद’ म्हणाले. करणार काय? सगळं नेट गप्प. शेवटी घोरपड्यांनी हवापाणी काढलं.” मास्तरांनी आणखी आवाज खाली आणला. “त्यांना यातलं काही सांगू नका. मी बघतो.”

मग आम्ही वर गेलो आणि ते खाकरून मोठ्याने म्हणाले, “गुरुपादराव, माझं ऐका. तुमच्या अँटेनात दोष आहे.”

मामांचा चेहरा असा उजळला, की मला दुसरीकडे बघावं लागलं. “मी काय वेगळं सांगतोय? सहा महिनं बोंबलतोय मी!”

“तीन प्रकारच्या बांधू. आडवी, उतरती आणि ही तुमची उभी. एकाच दिवशी, एकाच सेटवर, तीच माणसं ऐकायची. शास्त्रीय पद्धतीनं.”

“बांधू,” मामा म्हणाले. मग उभ्या अँटेनाच्या नळीवरची धूळ अंगठ्याने पुसली. “पण मास्तर, एक ठरवून टाकतो. तिन्हीपैकी एकीवर जरी मला चांगलं ऐकू आलं तर नेट चालू. न्हाई आलं, तर नेट घोरपड्यांना, आणि सेट तुम्ही कुरुंदवाडला न्यायचा. खोलीत सुताची बॉबिनं ठेवता येतील.”

मास्तरांना ‘हो’ म्हणावंच लागलं. 

मला काय वाटलं ते आता सांगायला हरकत नाही. त्या खोलीत मी सून नव्हते. खाली अठरा माणसांच्या भाकऱ्या, सुताचे गठ्ठे, पाव्हणे. वर गेलं की मी सातारची, बेळगावची आणि एकदा तर रात्रीच्या जेवणानंतर चुकून सापडलेल्या जावा बेटावरच्या एका माणसाची. पोथीच्या कव्हराआड लपवून मी मामांची पुस्तकं वाचली होती, समजलं नाही ते पुन्हा वाचलं होतं, पोळपाटावर बोटं आपटून मोर्स शिकले होते. मामांनीच फॉर्म भरायला लावला, परीक्षेला नेलं. माझा परवाना येऊन आठ महिने झाले होते. कॉल साइन मिळाली होती. आणि मी एकदाही माइक हातात घेतला नव्हता. मामा दोनदा म्हणाले, “बोल की.” मी म्हटलं, “बोलेन हो, घाई काय आहे.” मी बोलायला लागले की मामांच्या समोर ओठ कुणी हलवायचे? आणि ते तसं म्हणायचं कुणी?

तर असा तो सोमवार.

मास्तरांनी वहीत रकाने आखून आणले होते, पट्टीने, लाल शाईत. आडवी म्हणजे सहासष्ट फूट तार, बरोबर मध्ये कापलेली, तिथे केबल जोडायची आणि दोन बांबूंमध्ये वाळत घातल्यासारखी ताणायची. आमची गच्ची पुरेना, म्हणून एक टोक शेजारच्यांच्या गच्चीवर. उतरती म्हणजे तेवढीच तार, पण मधला भाग एका उंच बांबूच्या शेंड्यावर आणि दोन्ही टोकं कठड्यापर्यंत खाली आणलेली, तंबूसारखी. तिसरी उभी, ती होतीच. तिन्हींच्या केबली खिडकीतून आत घेतल्या. ओळखायला मी त्यांना सूत बांधलं: आडवीला लाल, उतरतीला हिरवं, उभीला पिवळं.

“जोडायचं-काढायचं काम माझं,” मास्तर म्हणाले. “आणि पलीकडच्यांना तुमचा आवाज कसा येतो ते विचारायचं नाही. त्यांना विचारलं तर ते पाच-नऊच देणार. बल्बच्या तारेवर बोललात तरी पाच-नऊ. आपण ऐकायचं आणि आपण लिहायचं.”

“खरंय,” मामा म्हणाले. “गोडबोले लेकाचे सगळे.”

आठ वाजले. मामांनी बटण दाबून नेट उघडलं, आणि सांगितलं, की आज सातारा, बेळगाव, रत्नागिरी अशा क्रमाने प्रत्येकाने दोन-दोन मिनिटं बोलायचं, असं तीन वेळा. आम्ही फक्त ऐकू. मास्तरांनी लाल सुताची केबल लावली.

मामांनी हेडफोन नीट बसवला, मांडीवर हात ठेवले. आणि डोळे मिटले.

मी अर्धा शब्द ओठांवर घेऊन तशीच राहिले. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आणि माझ्या कानात घोरपडे बोलायला लागले. काय सांगू तुम्हाला! तीन वर्षं मी त्यांना उभ्या अँटेनावर ऐकत होते, विहिरीत पडलेल्या माणसासारखे. आज ते आमच्या खोलीत येऊन सतरंजीवर बसले होते. त्यांच्या मागे भांडं पडल्याचा आवाज आला, त्यांची बायको काहीतरी रागाने म्हणाली, ते ‘थांब गं’ म्हणाले आणि पुढे बोलत राहिले. घोरपड्यांना बायको आहे हे मला ठाऊक होतं, पण ती त्यांना दटावते हे त्या दिवशी कळलं. मी रकान्यात पाच-नऊ लिहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खरं होतं. बेळगावला पाच-आठ. भाटकर हळू, थकल्यासारखे बोलले, पण शब्द न् शब्द आला.

मामांनी डोळे उघडले. मास्तरांकडे बघितलं आणि मान हलवली. “न्हाई. पाण्याखालनं आल्यासारखं वाटतंय. दुसरी लावा.”

मास्तर काहीतरी म्हणणार होते. मी त्यांना नजरेने थांबवलं. त्यांनी लाल काढून हिरवी लावली.

पुन्हा डोळे मिटलेले. उतरतीही चांगलीच होती. घोरपडे अर्धा पाट मागे सरकून बसल्यासारखे, एवढाच फरक. मी लिहीत होते आणि मामांच्या पापण्यांकडे बघत होते. आत्या चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. मामांच्या कपाळावर घाम होता. फेब्रुवारीत, सकाळी सव्वाआठला.

“न्हाई,” मामा म्हणाले. “ही बी न्हाई.”

“गुरुपादराव, जरा व्हॉल्यूम…”

“व्हॉल्यूम पुरा हाय, मास्तर.” मामा उठले. बटण दाबून म्हणाले, “पुन्हा त्याच क्रमानं बोला सगळे. शेवटची अँटेना लावतोय.” मग मास्तरांच्या हातातली पिवळी केबल त्यांनी काढून घेतली. “बसा तुम्ही, चहा घ्या. माझ्या खांबाला मीच हात लावणार.”

खिडकीशी त्यांची रुंद पाठ आमच्याकडे होती. हिरवी काढली, पिवळीशी खुडबुड केली, आणि येऊन खुर्चीवर बसले. हेडफोन चढवला. आणि या वेळी डोळे उघडे ठेवून सरळ माझ्याकडे बघायला लागले.

मला वाटलं, देवा, सुटलो. दोन अँटेनांची त्यांनी कठोर परीक्षा घेतली आणि स्वतःच्या लाडकीला कॉपी करायला परवानगी दिली. जिंकायची असेल तर ही एकच.

कानात काही नव्हतं. म्हणजे काहीच नव्हतं. सोमवारी उभीवरसुद्धा शांतता असायची, पण त्या शांततेलाही एक बारीक खसखस असते, लांबवर कुणीतरी तांदूळ पाखडतंय अशी. आज तीही नव्हती. एरवी मी लगेच उठून जोड बघितला असता. पण मला तेव्हा शांततेचा विचार करायला सवड नव्हती. घड्याळात बघितलं, घोरपड्यांची वेळ होती. मी त्यांना तीन वर्षं ऐकत होते. काय बोलतात ते मला पाठ होतं.

मी ओठ हलवायला लागले. ‘सातारा. नमस्कार गुरुपादराव. आज तुमचा आवाज काय खणखणीत येतोय! इथे थंडी आहे. काल नातवाला दात आला.’

मामांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं: पाच-नऊ.

माझा हुरूप वाढला. ‘बेळगाव,’ माझे ओठ म्हणाले. ‘कित्तूरकर बोलतोय. काल बाजारात मटार स्वस्त झाला. ही अँटेना अशीच ठेवा, उतरवू नका.’

“उतरवू नका?” मामांनी विचारलं.

मी जोरात मान डोलावली.

पाच-नऊ. मामांनी सावकाश, टपोरं लिहिलं. मग पेन्सिल ठेवली, टेबलाखालचा डावा हात वर काढला, आणि वहीवर, त्या दोन पाच-नऊंच्या बरोबर खाली, केबलचं टोक ठेवलं. पिवळं सूत बांधलेलं.

सेटच्या मागची खाच रिकामी होती.

असं काही झालं की माणसाला भलतंच दिसतं. मला दिसलं, की पिवळ्या सुताची गाठ मी विणकराची मारली नव्हती, घाईत कशीतरी मारली होती.

“कित्तूरकर काय म्हणाले म्हणालीस?” मामांनी शांतपणे विचारलं. “मटार?”

मास्तर चहाची बशी हातात घेऊन पुढे आले, केबलकडे बघितलं आणि तत्परतेने म्हणाले, “जोड ढिला असणार. निसटला असेल. ह्या बाजारातल्या जोडांचं काही खरं नसतं.”

“बँडच बंद दिसतोय आज,” मी म्हटलं. 

“च्या गार होतोय,” आत्या म्हणाल्या.

मामांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं, कारण तिघंही पाठोपाठ बोललो होतो आणि त्यांना एकेकाचं वाचायला लागलं. वाचून झाल्यावर ते हसले. त्यांचं हसणं मोठं होतं, स्वतःला ऐकू यावं इतकं मोठं.

“तुमाला सांगतो,” ते म्हणाले, “शेडमध्ये माझ्याकडं एक कामगार हुता. सूत तुटलं तरी माग चालू ठेवायचा. इचारलं तर म्हणायचा, कापड निघालंय मालक, झकास निघालंय. भला माणूस. मला वाईट वाटू नये म्हणून. माझं तीन बीम सूत वाया घालवलं त्यानं.”

“मामा, माझं चुकलं,” मी म्हटलं.

“तुझं कशाचं चुकलंय? आणि मास्तर, तुम्ही. जिन्याखाली सुनंला काय सांगितलं तुम्ही?”

मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली. “मी? मी तर अगदी हळू…”

“कुजबुजला. पर तोंड उघडून कुजबुजला की हो! मी माडीवरनं बघत हुतो. चाळीस वर्षं चाळीस फुटांवरचं वाचलंय मी. तुमी बोंब मारा न्हाई तर कुजबुजा, मला दोन्ही सारखंच.” मग हसू ओसरलं. “भाटकरांची आई गेली, आणि मी अभिनंदन म्हणालो.”

मास्तर म्हणाले, “गुरुपादराव, कुणी मनावर घेतलं नाही. आम्ही सगळे… म्हणजे घोरपडे, कित्तूरकर, आम्ही सगळेच जरा हळूच बोलतो हल्ली. वहिनींना सवड मिळावी म्हणून.” आणि बोलल्यावर आपण काय बोललो हे त्यांना कळलं, आणि त्यांनी ओठांवर हात ठेवला.

मला वाटायचं, घोरपडे सावकाश बोलतात ते वयामुळे. तीन वर्षं चार गावची माणसं माझ्या ओठांच्या गतीने बोलत होती, आणि मी एकटीच समजत होते की मी गुपित सांभाळतेय.

आत्या पदराशी चाळा करत उभ्या होत्या. मामा त्यांच्याकडे वळले. “तुला बी ठावं हुतं?”

आत्यांनी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी उत्तर दिलं. काय ते मी वाचलं नाही. दोघांचं होतं ते.

मामांनी मान हलवली, मग माझ्याकडे बघितलं. “शैला, आता खरं सांग. तिन्हीत कुठली?”

रकाने माझ्यापुढे होते. तरी मी वहीत बघितलं नाही. “आडवी,” मी म्हटलं, ओठ नीट उघडून, आणि आवाजही काढून. “जवळच्या गावांना आडवीच. घोरपड्यांच्या बायकोनं भांडं टाकलं तेसुद्धा ऐकू आलं. उतरती थोडी कमी, पण एकच बांबू लागतो. आणि उभी…” मी थांबले.

“बोल की.”

“उभी जवळच्यांना काही कामाची नाही, मामा. ती आपली लांबचं बघते. जावाचा माणूस तिच्यावरच सापडला. पण सातारा तिच्या पायाशी आहे, ते तिला दिसत नाही. आणि मोटरींचा कचरा सगळा आधी ती गोळा करते.”

“तीन वर्षं तू हिच्यावर ऐकलंस?”

“हो.”

“आणि बोलली न्हाईस.”

“तुम्ही हातानं केली होती ना.”

त्यांनी पिवळी केबल गुंडाळली, चांगल्या सुताची लड गुंडाळावी तशी, आणि बाजूला ठेवली. मग उठले, खिडकीपाशी जाऊन लाल सुताची केबल ओढली आणि सेटला लावली. माझ्या कानात एकदम सगळं जग परत आलं, बारीक खसखस, आणि तिच्यात घोरपड्यांचा घाबरा आवाज: “इचलकरंजी, इचलकरंजी, ऐकताय का? काय झालं? अँटेना पडली का?”

मी ओठांनी ते मामांना सांगितलं. त्यांनी वाचलं, आणि माइक उचलला. मला वाटलं नव्हतं, की ते बटण दाबतील. मास्तरांनाही वाटलं नसावं, कारण त्यांनी हात पुढे केला होता. आत्यांनी तो हात धरून मागे घेतला.

“अँटेना पडली न्हाई,” मामा म्हणाले. खोलीत पुरेल त्याच्या दुप्पट मोठ्याने, पण आवाज स्थिर होता. “भाटकर, आधी तुमी. आई गेल्या म्हणून सांगितलंत आणि मी भलतंच बोललो. माफी मागतो. आणि घोरपडे, कित्तूरकर, सगळेच, आता नेहमीसारखं भराभर बोलायला हरकत न्हाई. उद्यापासनं नेट माझी सून चालवंल. शैला. तिची कॉल साइन तीच सांगंल. मी हितंच हाय, तिच्या समोर बसणार हाय, सेट कुठं जात न्हाई. आमी आज तीन अँटेना तपासल्या. तिन्ही आपापल्या जागी बऱ्या हायत.”

बोटाखाली बटण दाबलेलंच होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

“मला ऐकू येत न्हाई.”